‘वंदे मातरम्’च्या चाली : 78 गतीच्या 14 तबकड्यांच्या कामाच्या नोंदी, नागपूर

2 जून 2025

महालातल्या दोन घरांतून आणि धरमपेठेतल्या एका घरातून मिळून 78 गतीच्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) 14 तबकड्या जमल्या. 11 दहा इंची, 3 बारा इंची, सगळ्या लाखेच्या. दोन काठाला तडकलेल्या आहेत आणि एकीचं (क्र. 9) लेबल जवळजवळ पूर्ण उडालंय. सगळ्यांवर गीत एकच, ‘वंदे मातरम्’. चाल मात्र प्रत्येकीची वेगळी असू शकते.

काम असं: प्रत्येक तबकडीवर कोणती चाल आहे आणि गीताचा कोणता भाग गायलाय, हे कानाने आणि तबकडीवरच्या खुणांवरून ठरवायचं, आणि ऐकण्याजोगी प्रत काढायची. लेबलावर विसंबायचं नाही. लेबलावर ‘राष्ट्रगीत’, ‘समूहगान’, ‘बंदे मातरम्’ असं काहीही असतं, आणि रागाचं नाव कधी असतं कधी नसतं. यादीत शोधताना ‘व’ आणि ‘ब’ दोन्ही अक्षरांखाली पाहायचं. बंगाली उच्चार ‘बन्दे’ असल्याने कलकत्त्याच्या तबकड्या बहुतेक ‘ब’खाली सापडतात.

या गीताला इतक्या चाली का, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी छाननी त्यावर उभी आहे. बंकिमचंद्रांनी गीताबरोबर स्वरलिपी दिली नाही. 1882 साली पुस्तकरूपात आलेल्या ‘आनंदमठ’मध्ये गीतावर फक्त मल्लार राग आणि कव्वाली ताल एवढी सूचना आहे. 1896च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ते गायलं, त्यांची चाल देस रागातली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची चाल काफीची. विष्णुपंत पागनीसांनी, म्हणजे पुढे ‘संत तुकाराम’मधले तुकाराम झालेल्या पागनीसांनी, सारंगात गायलं. सरोदवादक तिमिर बरन यांची संचलनाला साजेशी चाल दुर्गातली. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांची झिंझोटीतली. एकही चाल ‘मूळ’ म्हणून सर्वमान्य नव्हती, म्हणून प्रत्येक गायकाला नवी बांधायची मोकळीक होती. या चौदांत त्यातल्या किती आहेत, ते शोधायचंय.

5 जून

खोलीतला कूलर बंद करायला लागला. दोन कारणं. कूलरची हवा ओली असते, आणि कागदी पाकिटं ती ओल शोषून घेतात. धरमपेठेच्या पेटीतल्या चार तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे ती याच ओलीची. दुसरं म्हणजे कूलरचा पंप सुरू-बंद होताना वीजवाहिनीत झटका येतो आणि तो मुद्रणात टक् असा स्पष्ट ऐकू येतो. तबकडीची स्वतःची टकटक आणि ही टकटक नंतर वेगळी करता येत नाही.

उपाय: मुद्रण पहाटे साडेपाच ते साडेआठ. त्या वेळात पंखाही लागत नाही. तबकड्या उभ्या ठेवल्या, आडव्या थप्पीत नाही. खिडकीच्या भिंतीपासून दूर, कारण नागपूरच्या उन्हात पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात ठेवू देत नाही आणि लाख तेवढ्या उष्णतेनेही वाकते. क्र. 4 आधीच बशीसारखी झाली आहे. ती काचांमध्ये दाबून तापवण्याचा विचार सोडला. दुसरी प्रत हाताशी असेल तरच तो प्रयोग करावा. हलकी वाकलेली तबकडी टोनआर्म (सुईचा दांडा) सांभाळून घेतो.

8 जून

धुणं. आधी बुरशी: गच्चीवर, नाकावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने, चराच्या दिशेने. घरात झटकली तर बीजाणू बाकीच्या पाकिटांवर बसतात.

मग पाणी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य, बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब. कोमट नाही, साधं. लेबल ओलं होऊ नये म्हणून त्यावर रबराची चकती धरायची. ब्रश गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून सावलीत उभं सुकवायचं, निदान तीन तास.

स्पिरिट वापरू नये. एल.पी.वर (नंतरच्या, मंद गतीच्या तबकड्यांवर) लोक आयसोप्रोपिल हे स्पिरिट वापरतात आणि तीच सवय इकडे आणतात. एल.पी. विनाइलची, ही लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. क्र. 12वर कोणीतरी पूर्वी तसं पुसलंय. बोटभर रुंद मंद पट्टा दिसतो, आणि सुई त्यावरून जाताना आवाज चाळणीतून आल्यासारखा होतो. तो भाग परत येणार नाही.

तडकलेल्या दोन्ही तबकड्या धुतल्या नाहीत. पाणी भेगेत शिरलं की आतला भर फुगतो.

11 जून

सुई. एल.पी.ची सुई टोकाला साधारण 0.7 ते 1 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78च्या चराला सुमारे 3 मिल लागते. बारीक सुई चराच्या तळाशी घसरत राहते, तिथे फक्त धूळ आणि झीज असते. आपल्याकडे 2.5, 2.8, 3.0 आणि 3.5 अशा चार आहेत. प्रत्येक तबकडीवर तीस सेकंद चारही लावून पाहायच्या. जुन्या पोलादी पिनेने चराचा एक ठरावीक थर खाल्लेला असतो, आणि थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई न खाल्लेल्या थरावर बसते. क्र. 3वर 3.0ने खरखर होती, 2.5ने गायकाचा ‘श’ मोकळा झाला. वजन 4 ग्रॅम.

मूळ तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर वाजवून पाहू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं.

12 जून

प्रीअँपचं (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचं) आरआयएए वळण बंद. वळण म्हणजे उंच आणि खालचे आवाज ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करणारी जुळवणी. हे वळण 1954पासून रूढ झालं. त्यातून जुनी तबकडी काढली की 10 किलोहर्ट्झला सुमारे पावणेचौदा डेसिबल कमी होतात आणि खालचा भाग फुगतो. मग लोक म्हणतात, जुनं आहे म्हणून आवाज दबका आहे. दबका तो आपण केलेला असतो.

सपाट मुद्रण, 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन्ही वाहिन्या. गाणं एकाच वाहिनीचं असलं तरी चराच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या घ्यायच्या, कारण एक भिंत नेहमी जास्त झिजलेली असते. बाजूची लांबी सव्वातीन मिनिटं धरली तर फाइल सुमारे 112 एमबी. पातळी अशी की गाण्याचं शिखर -12 डेसिबलच्या आसपास राहील, कारण टकटक गाण्यापेक्षा मोठी असते आणि ती कापली गेली की नंतर काढता येत नाही.

वळण नंतर संगणकावर. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीत लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत क्रमांकानंतर त्रिकोण किंवा चौकोन असेल तर मुद्रण विजेवरचं (मायक्रोफोनने केलेलं) आहे. त्रिकोण म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकची पद्धत, चौकोन म्हणजे 1931नंतरची, ब्लुमलाइन या अभियंत्याची. तिथे 250 हर्ट्झच्या आसपास खालचा भाग उचलून सुरुवात करायची. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायची: भारतात 78च्या तबकड्या डमडमच्या कारखान्यात 1960च्या दशकातही निघत होत्या. 78 आहे म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची आहे, असं नाही.

15 जून

गती. यात दोन दिवस गेले, आणि जायलाच हवे होते.

पट्ट्यांची स्ट्रोब चकती ठेवली (गती बरोबर असली की लुकलुकत्या दिव्यात तिच्या पट्ट्या थांबल्यासारख्या दिसतात), पट्ट्या स्थिर होईनात. टर्नटेबल बिघडलं असं वाटलं. बिघाड दिव्यात होता. खोलीत एलईडी आहे, तो आपल्या मुख्य विजेच्या 50 हर्ट्झबरोबर नीट लुकलुकत नाही. निऑनचा टेस्टर-दिवा लावला की पट्ट्या थांबल्या. 50 हर्ट्झसाठी 77 पट्ट्यांची चकती हवी, तिच्यावर गती 77.92 येते. 92 पट्ट्यांची चकती 60 हर्ट्झची असते, ती इथे चालत नाही. बाजारात दोन्ही एकाच पाकिटात मिळतात.

पण टर्नटेबल 78वर आलं म्हणजे तबकडी बरोबर वाजली असं होत नाही. मुद्रण करतानाची गती 78च असेल याची खात्री नाही. 75वर मुद्रित केलेली तबकडी 78वर वाजवली तर स्वर सुमारे 68 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. काळी एकचा (पेटीच्या त्या पट्टीला षड्ज धरणारा) गायक काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतो.

त्यावर पेटीचा आधार घेतला. साथीला हार्मोनियम असेल तर षड्ज एखाद्या पट्टीवर येऊन बसलाच पाहिजे. मध्ये लटकत असेल तर गती चुकलेली. जुन्या पेट्यांची मिळवणी वीसेक सेंटने इकडेतिकडे असते, त्यामुळे या रीतीने गती साधारण एक-सव्वा टक्क्याच्या आत कळते, त्याहून नेमकी नाही. वरची पट्टी की खालची, हे स्वरांवरून नाही, ‘आ’काराच्या पोतावरून आणि तबल्याच्या बायाच्या (डग्ग्याच्या) घुमाऱ्यावरून ठरवायचं. गती वाढली की बाया आधी किडका होतो.

विजेवरच्या मुद्रणात कधी जुन्या स्टुडिओची 50 हर्ट्झची गुणगुणही सापडते, ती गतीचा दुसरा आधार. सुई उचलून ती थांबते का पाहायचं. थांबली तर तबकडीतली, नाही थांबली तर आपल्या वायरमधली.

19 जून

क्र. 7चा सूर दर 0.77 सेकंदाला हेलकावे खातो. मधलं भोक मध्यावर नाही. टोनआर्म डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांनी दिसतो. भोक कोरायचं नाही. स्पिंडलची टोपी काढता येते अशा टर्नटेबलवर तबकडी हाताने सरकवून, आर्म स्थिर होईपर्यंत बसवली. सहा वेळा सरकवावी लागली. मग ओंकारनाथ ठाकुरांचा खर्ज सरळ उभा राहिला, आणि तो ऐकताना खोलीत कोणी बोललं नाही.

27 जून

चाल ओळखायची किल्ली. रागांची नावं आधी ठरवून ऐकलं की कान तेच ऐकतो, म्हणून असं विचारायचं:

गंधार आहे का? अजिबात नसेल तर धैवत पाहा. धैवत आहे आणि निषाद नाही, तर दुर्गा. धैवतही नाही, पण निषाद आहे, तर सारंग. गंधार कोमल असेल तर काफीचं अंग. गंधार शुद्ध आणि निषाद कोमल असेल तर खरी अडचण, कारण देस आणि झिंझोटी दोन्ही तिथेच येतात. देसमध्ये चढताना गंधार गाळतात, शुद्ध निषादाने वर जातात आणि कोमल निषाद उतरताना येतो. रिषभावर थांबणं हीही देसची खूण. झिंझोटीत गंधारावर वजन असतं आणि चाल मंद्र धैवतात उतरून षड्जाला येते. ‘मातरम्’ या शब्दाचा शेवट कुठून येतो तेवढं ऐकलं तरी पुष्कळ कळतं.

पहिल्या फेरीत अशा नऊ तबकड्या लागल्या: देस 3, झिंझोटी 2, काफी अंग 2, सारंग 1, दुर्गा 1. दिलीपकुमार राय आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचं 1947चं युगुलगान आणि 1952च्या ‘आनंद मठ’ चित्रपटातल्या दोन आवृत्त्या (संगीत हेमंतकुमार, एक त्यांच्या आवाजात, एक लता मंगेशकरांच्या) यांना रागाची चिठ्ठी लावली नाही. त्या चाली म्हणूनच नोंदल्या. उरल्या क्र. 9 आणि दोन तडकलेल्या.

4 जुलै

शब्दांवरून काळ. गीताची लांबी आणि तबकडीची लांबी यांचं जमत नाही. दहा इंची बाजूत सव्वातीन मिनिटं, बारा इंचीत चार-साडेचार. पूर्ण गीत सावकाश गायचं तर दोन बाजू लागतात, आणि दुसरी बाजू मधूनच सुरू होते. दोन तबकड्या आम्ही आधी उलट लावल्या होत्या. बाजूंचा क्रम लेबलावर नाही, कोऱ्या पट्टीतल्या क्रमांकावर पाहायचा.

आकड्याकडे कान द्यावा. मुळात ‘सप्तकोटिकण्ठ’ आहे, ती बंगाल प्रांताची लोकसंख्या. गीत देशभर गेल्यावर त्याचं ‘त्रिंशत्कोटि’ झालं. 1905च्या बनारस काँग्रेसमध्ये टागोरांची भाची सरलादेवींनी ते तसं गायलं. पुढे ‘कोटि कोटि’ रूढ झालं, ते कोणत्याही वर्षी खरं राहतं. क्र. 2वर ‘त्रिंशत्कोटि’ स्पष्ट आहे.

पहिली दोनच कडवी असतील तर तबकडी 1937नंतरची, असा निष्कर्ष एका जुन्या वहीत दिसला. तो धोक्याचा आहे. काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर 1937मध्ये पहिली दोन कडवीच गावीत असं ठरवलं हे खरं, पण त्याआधीही गायक तीन मिनिटांमुळे तिथेच थांबत. उलट बाजूने, म्हणजे 1937नंतरही पूर्ण गीत गायलं गेलं याला, मात्र पुरावा पक्का: 15 ऑगस्ट 1947च्या सकाळी ओंकारनाथांनी आकाशवाणीवर गीत पूर्ण गायलं. तिथे बाजू उलटायची नव्हती.

9 जुलै

नागपूरचा धागा, तबकड्या ऐकवताना लावायच्या माहितीफलकावर घेतोय. 1938 साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गायल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव यांनी कायद्याची पदवी इथूनच घेतली. तेव्हाच्या नागपूरच्या खोल्यांमधून ती मुलं कोणत्या चालीत गात असतील, याला तबकडी नाही. फलकावर कोणतीही तबकडी त्या प्रसंगाच्या बाजूला वाजवायची नाही, नाहीतर ऐकणारा तीच चाल समजेल.

16 जुलै

मास्तर कृष्णरावांच्या दोन्ही तबकड्या एकामागून एक ऐकल्या. त्यांच्या झिंझोटीत काय साधलंय ते बँडच्या अंगाने ऐकलं की कळतं. मींड (स्वरातून स्वरात घसरत जाणं) कमी, प्रत्येक अक्षराला आपला स्वर, श्वास घ्यायच्या जागा समान अंतरावर. शंभर माणसं एकत्र गाऊ शकतील आणि बिगुलवाला वाजवू शकेल, एवढा विचार त्यात आहे. हे गीत वाद्यवृंदाला जमणारं नाही हाच त्या वेळचा मोठा आक्षेप होता. पंडित नेहरूंनी ऑगस्ट 1948मध्ये ‘जन गण मन’च्या बाजूने मुख्य मुद्दा तोच मांडला, आणि 1947 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत ते वाजवल्याचा दाखला दिला. मास्तरांनी दिल्लीत जाऊन आपली चाल गाऊन आणि बँडवर वाजवून दाखवली होती. 24 जानेवारी 1950ला राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला तेवढाच मान, असं जाहीर केलं. तबकडी ऐकल्यावर वाटतं की आक्षेपाला उत्तर मिळालेलं होतं, निर्णय दुसऱ्या कारणांनी झाला.

खरखर काढताना दोन चुका झाल्या, त्या नोंदवतो. टकटक काढणारं फिल्टर जोरात लावलं तर तबल्याची चाटी जाते, कारण त्याला ती टकटकच वाटते. सुसकारा काढणारं फिल्टर तंबोऱ्याची जवारी खातं. दोन्ही निम्म्यावर आणले. सपाट मूळ फाइल कधीही बदलायची नाही.

22 जुलै

हक्क. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच समजतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे 2025 साली 1964पर्यंतची मुद्रणं मोकळी. चालीचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. बंकिमचंद्र (1894), टागोर (1941), पागनीस (1943) यांचं सगळं मोकळं. ओंकारनाथ 1967 साली गेले, त्यांची चाल 2027 अखेरपर्यंत बांधलेली. मास्तर कृष्णराव 1974, म्हणजे 2034 अखेर. हेमंतकुमार 1989, म्हणजे 2049 अखेर. मुद्रण मोकळं असूनही चाल बांधलेली असू शकते. म्हणून सहा तबकड्या खोलीत ऐकवायच्या, जालावर टाकायच्या नाहीत, वारसांची लेखी परवानगी येईपर्यंत.

टागोरांच्या स्वतःच्या आवाजातलं मुद्रण आपल्याकडे नाही. ते हेमेंद्रमोहन बोस यांच्या सिलिंडरवरचं, नंतर पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकडीवर आलेलं. कोणाच्या पेटीत पाथे निघाली तर साध्या रीतीने वाजवू नये. तिचा चर खाली-वर कापलेला असतो, सुई आतून बाहेर जाते आणि गती 90च्या आसपास असते. दोन वाहिन्यांची बेरीज न करता वजाबाकी केली की गाणं येतं.

29 जुलै

क्र. 9. लेबल नाही, समूहस्वर, मागे बँड, तंबोरा नाही. दोघांनी वेगवेगळं ऐकलं. एकाने लिहिलं भूप, दुसऱ्याने दुर्गा. दोघांचे स्वर पाचच आणि तेच. दुर्गाचे सा रे म प ध घ्या आणि मध्यमाला षड्ज माना, तर बरोबर भूपाचे पाच स्वर मिळतात. तंबोरा नसेल तर षड्ज कुठला, हे चालीनेच सांगायचं असतं.

31 जुलै

आज क्र. 9 पुन्हा, सुई 2.8, गती 76.6. पेटी नाही म्हणून बँडच्या क्लॅरिनेटवरून पट्टी घेतली. कडव्याच्या शेवटी बँडचा जाड आवाज कोणत्या स्वरावर टिकून राहतो ते पाहिलं. तीन वेळा ‘मातरम्’वर तोच स्वर आला, खालच्या सप्तकात बॅस वाद्याने धरलेला, आणि ज्याला भूपवाल्याने पंचम म्हटलं होतं तोच. पंचमावर कोणी तीनदा कडवं संपवत नाही. तो षड्ज धरला की मध्यम समोर येतो, गंधार-निषाद नाहीत. दुर्गा. आधी लागलेल्या दुर्गाच्या तबकडीशेजारी ठेवून ऐकलं: चाल तीच, गाणारे वेगळे, लय थोडी जलद, आणि ‘शुभ्रज्योत्स्ना’वरचा श्वास दुसरीकडे.

यादीत नोंद: क्र. 9, दुर्गा, तिमिर बरन यांची चाल, समूह अज्ञात, कोऱ्या पट्टीतला क्रमांक भिंगाखाली तीन अंकांपर्यंत वाचला. चौथा अंक उद्या सकाळी तिरप्या उजेडात.